नाकात जाणारा आवाज मोकळा करण्याच्या नोंदी

१२ जानेवारी २०२५

आमच्या महिला भजनी मंडळाने येत्या आषाढी एकादशीपर्यंत, म्हणजे ६ जुलैपर्यंत, हरिपाठ ध्वनिमुद्रित करून मुंबईला असलेल्या गावच्या चाकरमान्यांना पाठवायचे ठरवले आहे आणि पुढे म्हणण्याचे काम माझ्याकडे आले आहे. काल रात्री चाचणी म्हणून दोन अभंग मोबाइलवर मुद्रित केले. ते ऐकून झाल्यावर पेटीवर बसणाऱ्या वैनींनी विचारले, ‘‘नाकात कित्याक गातंस गो?’’ मी पुन्हा ऐकले आणि त्यांचे म्हणणे मला पटले. सूर जागेवर होते, शब्द कळत होते, पण आवाज गेंगाणा येत होता आणि पंचमाच्या वर तर तो अगदी चिमटल्यासारखा लागत होता. गाताना माझ्या कानांना हे कधीच जाणवले नव्हते.

हातात जवळपास सहा महिने आहेत. हे काम अंदाजाने न करता नोंदी ठेवून करायचे, असे ठरवले आहे. सांगीतिक स्वराला या नोंदींत ‘सूर’ म्हणते आणि अ, आ, इ, ई या वर्णांना ‘स्वर’ म्हणते. दोहोंना एकच शब्द वापरला तर पुढे वाचताना घोटाळा होईल.

१९ जानेवारी

मोजण्याची पद्धत ठरली. षड्ज (सा) काळी चारचा, म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीचा. सा, ग, प आणि तार सा या चार सुरांवर आ, ई, ऊ, ए, ओ हे पाच स्वर आठ-आठ मात्रा धरायचे. पहिल्या दोन मात्रा नाक मोकळे ठेवायचे, पुढच्या दोन मात्रा नाकपुड्या चिमटीत धरून बंद करायच्या, पुन्हा दोन मोकळ्या, पुन्हा दोन बंद. हवा फक्त तोंडातून येत असेल तर नाक धरल्याने आवाजात काहीही फरक पडत नाही. ती नाकातूनही निसटत असेल, तर नाक धरताक्षणी आवाज कोंडतो आणि सोडताक्षणी बदलतो. तानपुरा एका कानातल्या इअरफोनवर, मोबाइल तोंडापासून एक वीत, फ्रिज बंद, खोली तीच आणि वेळ सकाळी साडेसहाची.

एका सुरावरचा एक स्वर म्हणजे एक घर, अशी चार सुरांवर पाच स्वरांची एकूण २० घरे. त्यांपैकी १२ घरांत फरक ऐकू आला. ऑडॅसिटी या ध्वनिमुद्रणाच्या प्रोग्राममध्ये आवाजाची लाट मोठी करून पाहिली, तेव्हा या घरांत नाक धरलेल्या आणि सोडलेल्या मात्रांचे पट्टे डोळ्यांनाही वेगळे दिसले. ‘ई’ची चारही घरे त्यांत आहेत.

एक गोष्ट मात्र अनपेक्षित निघाली. ‘आ’ आणि ‘ए’ यांच्या मिळून चार घरांत नाक धरल्याने काडीचाही फरक पडला नाही आणि तरीही आवाज गेंगाणाच होता. ज्या आवाजात नाकाचा वाटाच नाही, तो नाकातला का वाटावा, हे कळेपर्यंत उपाय सुरू करण्यात अर्थ नाही.

२७ जानेवारी

नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. टाळूच्या रचनेत किंवा हालचालीत दोष असेल तर रियाजाने तो जाणार नाही, म्हणून हे आधीच करायला हवे होते. त्यांनी दुर्बिणीची बारीक नळी नाकातून घातली आणि पडद्यावर मला माझाच मऊ टाळू, म्हणजे टाळूचा मागचा हलणारा भाग, दाखवला. ‘क’ म्हटले की तो मागे आणि वर सरकून घशाच्या मागच्या भिंतीला टेकत होता आणि नाकाकडची वाट पूर्ण बंद होत होती. ‘म’ म्हटले की तो खाली लोंबत होता. ‘आ’ लांब धरायला सांगितले, तेव्हा सुरुवातीला वाट बंद होती आणि चार-पाच सेकंदांनी कडेला फट पडली.

ती फट स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली हे फार बरे झाले. टाळू धड आहे, स्नायू काम करतात. त्याला वर ठेवण्याची सवय तेवढी नाही. डॉक्टरांनी एक गोष्ट बजावून सांगितली, ती इथे लिहून ठेवते: ज्याचे बोलणे एकाएकी गेंगाणे होते किंवा पाणी पिताना नाकातून बाहेर येते, त्याने रियाजाच्या भानगडीत न पडता आधी तपासून घ्यावे.

२ फेब्रुवारी

सावंतवाडीला बाईंकडे गेले. त्यांच्याकडे मी लहानपणी चार वर्षे शिकले होते. त्या चार गेंगाण्या घरांचे कोडे त्यांनी दोन मिनिटांत सोडवले. मला ‘आ’ लावायला सांगितले, हनुवटीखालच्या मऊ भागावर अंगठा ठेवला आणि म्हणाल्या, ‘‘हे बघ, इथे दगड झालाय. जीभ मागे ओढतेस आणि तिची पाठ वर उचलतेस. मग आवाजाला तोंडात जागा कुठून मिळणार?’’ घसा आवळला, जिभेची पाठ वर आली आणि जबडा मिटला, की हवा तोंडातूनच येते, पण आवाज चपटा आणि कर्कश होतो. ऐकणारा त्यालाही नाकातलाच म्हणतो. म्हणजे माझ्यात दोन दोष एकत्र नांदत आहेत आणि दोघांचे उपाय वेगळे आहेत. मात्र दोघांचा एक सांधा आहे. जिभेच्या कडेपासून मऊ टाळूपर्यंत एक स्नायू जातो. जीभ मागे आणि वर ताणलेली राहिली की तो टाळूला खाली ओढतो. म्हणून आधी जीभ मोकळी करायची, टाळू नंतर.

बाईंनी सांगितलेला रियाज असा. जिभेचे टोक खालच्या दातांच्या आतल्या बाजूला हलके टेकवायचे. अंगठा हनुवटीखाली ठेवायचा. मंद्र (खालच्या सप्तकातल्या) पंचमापासून मध्य षड्जापर्यंतच खर्जाचा आकार, म्हणजे खालच्या सुरांवर लांब ‘आ’, लावायचा आणि अंगठ्याला कडकपणा लागला की थांबून पुन्हा सुरुवात करायची. पंधरा दिवस षड्जाच्या वर जायचे नाही.

१६ फेब्रुवारी

दोन आठवडे झाले आणि या काळात एक चूक घडली. ती लिहून ठेवते, कारण इतरही बरेच जण ती करत असावेत. खर्जाच्या जोडीला मी रोज दहा मिनिटे तोंड मिटून गुंजन करत होते. गालांच्या वर आणि नाकाच्या मुळाशी कंप जाणवला की आवाज पुढे आला असे समजायचे, हे मी पूर्वी कुठेतरी ऐकले होते. गुंजन वाईट नाही, त्याने घसा सैल होतो. पण तोंड मिटल्यावर आवाजाला नाकाशिवाय वाट उरत नाही आणि टाळू खालीच राहावा लागतो. दहा मिनिटे तो खाली ठेवायचा आणि लगेच आकार लावायचा, म्हणजे टाळूला नेमके नको तेच शिकवायचे. आज गुंजनानंतर लगेच २० घरे मोजली, तेव्हा १४ घरांत फरक आला. काल गुंजन न करता मोजली होती, तेव्हा ११ होती.

गुंजन बंद केलेले नाही, क्रम बदलला आहे. ते रियाजाच्या शेवटी, आवाज निववण्यापुरते करायचे.

९ मार्च

टाळूचे काम सुरू झाले आहे. यात मला सर्वांत उपयोगी पडली ती आपली वर्णमाला. क, ग, ट, ड, त, द, प, ब हे वर्ण उच्चारताना तोंडात हवेचा दाब साठावा लागतो आणि तो साठायचा तर नाकाकडची वाट बंद करावीच लागते. म्हणजे ‘गा’, ‘का’, ‘बा’ म्हणताना टाळू आपसूक वर जातो आणि पुढचा आकार त्याच उंचीवर सुरू होतो. ‘ना’ आणि ‘मा’ यांत त्याच्या उलट होते. मी अलंकार (सुरांच्या ठरावीक रचना) सरगमीत म्हणण्याऐवजी ‘गा गा गा गा’वर घेते, कारण सरगमीत ‘म’ आणि ‘नि’ येतात आणि तिथे टाळू पुन्हा खाली येतो. ते वर्ण टाळायचे नाहीत, पण त्यांची पाळी नंतर.

दुसरा अभ्यास ‘ङ’चा. ‘अंग’ म्हणताना ‘अ’नंतर जे क्षणभर वाजते, ते लांबवायचे: जिभेची पाठ टाळूला टेकलेली, आवाज पूर्ण नाकात. तिथून एकदम ‘गा’ उघडायचे. ‘ङ्ङ्ङ्-गा’. त्या क्षणी टाळू उचलला जाताना घशाच्या मागे स्पष्ट जाणवतो, जांभईच्या सुरुवातीला जाणवतो तसाच. टाळूला हाताने धरता येत नाही, आरशातही तो नीट दिसत नाही. त्याची जाणीव करून घ्यायला यापेक्षा सोपे साधन मला मिळालेले नाही. पन्नास वेळा केले. एकविसाव्या-बाविसाव्या वेळेपासून ‘ङ’ न घेताही तोच उचल मला आणता आला.

विठ्ठल हे नाव या कामी अगदी सोन्यासारखे आहे. त्यात एकही अनुनासिक नाही आणि मध्ये ‘ठ्ठ’ आहे. तो टाळूला घट्ट वर चिकटवतो आणि पुढचा ‘अ’ स्वच्छ मोकळा येतो. रोजचा रियाज मी आता याच नावाने सुरू करते.

३० मार्च, गुढीपाडवा

२० पैकी ७. आनंद झाला, पण मुद्रण वैनींना ऐकवले तेव्हा त्या गप्प राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, की आता आवाज विहिरीतून येतो. मी बाईंना फोनवरून तेच मुद्रण पाठवले. त्यांचेही मत तसेच पडले: टाळू उचलण्याच्या नादात मी जबडा नको इतका उघडते आहे आणि जीभ खाली दाबते आहे.

त्यांनी संगीतरत्नाकर या ग्रंथाचा दाखला दिला. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या दरबारी असलेल्या शार्ङ्गदेवाने त्यात गायकाचे पंचवीस दोष सांगितले आहेत. त्यांत नाकातून गाणारा ‘सानुनासिक’ यादीच्या अगदी शेवटी येतो आणि भेसूर वाटेल इतका जबडा पसरून गाणारा ‘कराली’ही त्याच यादीत आहे. एका दोषातून निघून मी दुसऱ्यात चालले होते. देवगिरी म्हणजे आजचे दौलताबाद. ज्या दोषाशी मी आज झगडते आहे, त्याला आपल्याच मुलखात जवळपास आठशे वर्षांपूर्वी नाव मिळाले होते, हे कळल्यावर मला मनापासून आधार वाटला.

उपाय: ‘आ’साठी दोन दातांच्या ओळींत अंगठ्याच्या जाडीइतकेच अंतर. ओठ सैल. टाळूची उचल आतून यावी, जबड्यातून नव्हे.

२० एप्रिल

प्राट नावाचा मोफत प्रोग्राम संगणकावर घेतला आणि आवाजाचे वर्णपट, म्हणजे आवाजात कोणत्या कंपनसंख्या किती जोरात आहेत हे दाखवणारी चित्रे, काढून पाहिले. अपेक्षा अशी होती की नाकातला आवाज चित्रात ठळक ओळखू येईल. बोललेल्या आवाजात तसे झालेही. ‘आ’ आणि ‘आँ’ शेजारी शेजारी ठेवले की सानुनासिक ‘आँ’मध्ये साधारण २५० ते ३०० हर्ट्झच्या आसपास ज्यादा काळा पट्टा दिसतो आणि त्याच्या वरचा, ‘आ’चा स्वतःचा पहिला पट्टा फिका पडतो. पण गाण्यात हे साधन लंगडे पडते. काळी चारचा माझा षड्ज २०८ हर्ट्झचा आहे, त्याचे वरचे अंश (त्याच सुरात मिसळलेली दुप्पट, तिप्पट कंपने) ४१५, ६२३ असे दूर दूर पडतात आणि मधल्या भागात काय चालले आहे ते चित्रात उमटतच नाही. तार षड्जावर तर पहिली रेघच ४१५वर असते. बायकांच्या आवाजासाठी चिमटीची साधी परीक्षा या चित्रांपेक्षा जास्त विश्वासाची आहे, असे माझे मत झाले आहे.

नाकाखाली आरसा धरून वाफ पाहण्याची रीतही करून पाहिली. कोकणातल्या एप्रिलच्या दमट हवेत आरसा नीट बोलत नाही. फ्रिजमध्ये ठेवलेला स्टीलचा चमचा उलटा करून धरला, तर स्वर संपेपर्यंत वाफेचा ठिपका स्वच्छ दिसतो.

‘ई’ अजून दाद देत नाही. कारण आता समजले आहे. ‘आ’मध्ये तोंड मोठे उघडलेले असते, त्यामुळे टाळूकडे थोडी फट असली तरी बहुतेक आवाज तोंडातूनच जातो आणि कानाला खटकत नाही. ‘ई’मध्ये जीभ वर असते, तोंडातली वाट अरुंद असते, म्हणून तेवढीच फट असली तरी नाकाची वाट आवाजाला सोपी पडते. ‘ई’ला गळती माफ नाही.

११ मे

आता प्रत्यक्ष हरिपाठाच्या शब्दांवर आले आणि खरे काम इथे आहे, हे लक्षात आले. सुट्या आकारात टाळू वर राहतो. शब्द आले की बिघडतो.

‘पांडुरंग’ हा शब्द घेते. लिहिताना ‘पा’वर अनुस्वार असला, तरी उच्चार ‘पाण्डुरङ्ग’ असा आहे. म्हणजे ‘आ’ शुद्ध आहे आणि नाकाचा वाटा फक्त ‘ण्’ आणि ‘ङ्’ यांचा. बोलताना ‘आ’ इतका छोटा असतो, की पुढच्या ‘ण्’साठी टाळू थोडा आधी खाली आला तरी कुणाला कळत नाही. अभंगात मात्र हाच ‘पा’ चार-चार मात्रा चालतो. मी पहिल्या मात्रेपासूनच ‘ण्’ची तयारी करत होते आणि चारही मात्रा ‘पाँऽऽ’ अशा जात होत्या. नाक चिमटीत धरून तोच शब्द गायले. ‘पा’ पूर्ण मोकळा वाजायला हवा आणि आवाज फक्त ‘ण्’वर क्षणभर अडकायला हवा. पहिल्या वीस वेळांत मला ते एकदाही जमले नाही. मग शब्द तोडला: ‘पा’ चार मात्रा, थांबा, ‘ण्डु’, ‘र’ चार मात्रा, थांबा, ‘ङ्ग’. थांबा हळूहळू कमी करत आणले. आज सकाळी दहापैकी सहा वेळा शब्द अखंड आणि स्वच्छ आला.

‘म्हणे’चे उलट आहे. अभंगाच्या शेवटच्या चरणात संतांच्या नाममुद्रेला जोडून तो येतो आणि आमच्या मंडळात त्यातला ‘णे’ लांबवतात. इथे नाकातला वर्ण आधी येतो आणि त्याचे नाक पुढच्या ‘ए’मध्ये रेंगाळते. उपाय म्हणून ‘म्हडे’ असे म्हणून पाहिले. ‘ड’ने टाळू वर जातो, ‘ए’ मोकळा होतो. मग त्या ‘ए’ची आठवण ठेवून ‘म्हणे’. पाणिनीने अनुनासिकाची व्याख्या मुख आणि नासिका या दोहोंनी मिळून उच्चारला जाणारा वर्ण अशी केली आहे. त्यातला मुख हा शब्द मी आजवर वाचूनही विसरत होते.

१ जून

मंडळात आज बराच वेळ अनुस्वारांवर बोलणे झाले. आमच्याकडची पोथी जुन्या छपाईची आहे आणि तिच्यात ‘द्वारीं’, ‘जेणें’, ‘तेणें’ असे अनुस्वार ठायीठायी आहेत. उच्चारात न येणारे हे अनुस्वार मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२च्या नियमांनी लेखनातून गेले, पण पोथी समोर ठेवून म्हणणाऱ्या काही जणी ते पाहून प्रत्येक ठिकाणी आवाज नाकात नेतात. एका काकींनी विचारले, की छापले आहे तर म्हणायचे का नाही? प्रश्न रास्त आहे. जुन्या मराठीत हे स्वर खरोखर सानुनासिक होते आणि आमच्या मालवणीत आणि गोव्याच्या कोकणीत असे स्वर आजही जिवंत आहेत. वैनींचा ‘गातंस’ त्यांच्या तोंडी कसा गोड लागतो!

म्हणून मला असे म्हणायचे नाही, की नाक वाईट आहे. बोलीत ज्या ठिकाणी ते आहे, त्या ठिकाणी ते असावे. माझी माझ्याकडून आणि मंडळाकडून अपेक्षा एवढीच आहे, की नाक आपण उघडतो की ते आपोआप उघडे राहते, हे आपल्याला कळावे. हरिपाठासाठी एकमताने ठरले: हे जुने अनुस्वार उच्चारायचे नाहीत, ‘पांडुरंग’, ‘गोविंद’, ‘संत’ यांतले उच्चारायचे आणि तेही पुढच्या व्यंजनाच्या जागी, आधीच्या स्वरावर नव्हे. पोथीतले न म्हणायचे अनुस्वार मी पेन्सिलीने गोल करून दिले.

२२ जून

पाऊस धरल्यापासून आठ दिवस सर्दी. आवाज पुन्हा बिघडला, पण वेगळ्या तऱ्हेने: ‘मन’चे ‘बद’ होऊ लागले. नाक चोंदले की म, न, ण यांना हवी असलेली वाटच मिळत नाही. ऐकणारे दोन्हींना नाकातला आवाज म्हणतात, पण हा प्रकार आधीच्या अगदी उलट आहे आणि इथे टाळू उचलून काहीही साधत नाही. वाफ घेतली, दोन दिवस गाणे बंद ठेवले. मुद्रणाची तारीख १९ वरून २८ जूनवर नेली.

६ जुलै, आषाढी एकादशी

मुद्रण २८ला झाले आणि आज पहाटे पाठवले. पूर्ण ऐकताना ‘पांडुरंग’ जिथे जिथे आला, तिथे मी श्वास धरून ऐकत होते. बहुतेक ठिकाणी ‘पा’ मोकळा आहे. दोन ठिकाणी, टाळ चढत्या लयीत गेले तिथे, तो पुन्हा नाकात गेला आहे. लय वाढली की लक्ष तालाकडे जाते आणि टाळू जुन्या सवयीला परततो. वैनींनी पेटी मिटताना हनुवटीला हात लावून ‘आता बरा लागता’ एवढे म्हटले.

९ जुलै

२० घरे पुन्हा मोजली. फरक आलेली घरे ३: तार षड्जावरचा ‘ई’, तार षड्जावरचा ‘ए’ आणि पंचमावरचा ‘ई’. नाक न लागता गेंगाणी वाटणारी चार घरे होती, त्यांतले एकही राहिलेले नाही. तार षड्जावर ‘ई’ घेताना अंगठ्याला हनुवटीखाली अजून कडकपणा लागतो, म्हणजे तिथे जीभच टाळूला खाली ओढते आहे. उद्यापासून तो ‘ई’ किंचित ‘ए’कडे उघडून, मध्यम आणि पंचम यांच्यावर आधी पक्का करून मगच वर न्यायचा. द्रुत लयीतल्या ‘पांडुरंग’साठी टाळ हातात घेऊन रियाज करायचा. पुढची मोजणी ३ ऑगस्टला.